रात्र काढू नकोस

बाळा, अंतरपाटाशी मामा म्हणून मी तुझ्यामागं उभा राहणार आहेच. त्याआधी एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची आहे. तुझ्या वडिलांना ती माहीत असायचं काही कारण नाही, आणि मित्रांत विषय निघाला तर हसण्यावारी जाईल. माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात गेली, त्यातला मोठा काळ मूत्रविकाराच्या वॉर्डात. तिथं मला सगळे ब्रदर म्हणायचे. लघवीची नळी घालायची, ड्रेसिंग करायचं, ऑपरेशनसाठी रुग्ण तयार करून ऑपरेशन थिएटरात पाठवायचा, ही माझी कामं. पुरुषांची जी दुखणी तिथं जवळून पाहिली त्यातलं एक असं आहे की त्यात नुकसान किती होणार हे पुष्कळदा माणूस किती वेळ गप्प बसला यावरच ठरतं. तेच आज सांगतो.

संबंध चालू असताना ताठ झालेल्या लिंगाला वेडावाकडा झटका बसला तर आतलं आवरण फाटतं. डॉक्टर त्याला पेनाइल फ्रॅक्चर म्हणतात. तिथं हाड नसतं. लिंगात शेजारी-शेजारी दोन लांबट दांडे असतात, बारीक पोकळ्यांनी भरलेले. उत्तेजना आली की त्या पोकळ्यांत रक्त भरतं. दांड्यांभोवती एक चिवट पांढरं आवरण असतं, ते आतलं रक्त दाबून धरतं, म्हणून ताठरपणा टिकतो. एरवी हे आवरण साधारण 2 मिलिमीटर जाड असतं. ताठरपणात ताणलं जाऊन ते पाव ते अर्धा मिलिमीटर इतकं पातळ होतं. आत रक्ताचा दाब, वर इतकं पातळ आवरण, अशात अचानक वाक पडला की ते आडवं चिरतं. चीर बहुधा एकाच बाजूला असते, एक-दोन सेंटिमीटरची. त्याच दांड्यांच्या खालून लघवीची नळी जाते. झटका जोराचा असेल तर तीही फाटते.

घाबरू नकोस, ही दुखापत विरळ आहे. बहुतेक माणसांच्या उभ्या आयुष्यात ती येत नाही. पण ज्यांच्यावर आली ते काही वेडेवाकडे उद्योग करणारे नव्हते. साधी, संसारी, तुझ्यासारखी माणसं होती. कित्येक नुकतीच लग्न झालेली होती.

होतं कसं, तेही नीट समजून घे, कारण टाळणं त्यातच आहे. जोरात हालचाल चालू असते, लिंग बाहेर निसटतं, आणि पुन्हा आत जाण्याऐवजी बायकोच्या जांघेतल्या हाडावर किंवा योनीच्या खालच्या घट्ट भागावर आपटतं. मागं अंगाचं सगळं वजन असतं. बायको वर असेल तेव्हा हा धोका आणखी असतो, कारण तेव्हा वजन तिचं असतं, आणि काय बिनसलं हे तिला कळेपर्यंत ती खाली बसलेली असते. मागच्या बाजूनं संबंध करतानाही असंच होतं. म्हणून मी म्हणतो की निसटलं की दोघांनी थांबायचं. हातानं धरून पुन्हा वाट दाखवायची, मग पुढं. बायको वर असेल तर तिनं पुढं वाकून, छोट्या हालचालीत राहायचं. उंच उठून जोरात बसायचं नाही. कोरडेपणात तर अजिबात जबरदस्ती करायची नाही. ओलावा आलेला नसेल तर बायकोचं शरीर तयार झालेलं नाही एवढं समजायचं आणि वेळ द्यायचा. तिला दुखत असेल तर तिथंच थांबायचं, हे तर या दुखापतीचा विषय नसता तरी मी तुला सांगितलंच असतं. लग्नाचे चार दिवस जागरण, प्रवास, देवदर्शन, जेवणावळी यांत दोघं थकून जाता. पहिल्या रात्री काही व्हायलाच हवं असा नियम नाही. दारू पिऊन तर शहाणी माणसंही अंगाचं भान विसरतात. मोबाइलवर जे बघितलं असशील ते कॅमेऱ्यासाठी केलेलं असतं, ते अंगाला शिकवू नकोस.

दुसरा एक प्रकार आहे, तो फार जणांना माहीत नसतो. सकाळी उठल्यावर लिंग ताठ असतं, घरात माणसं वावरत असतात, मग मुलं ते हातानं खाली दाबतात किंवा वाकवून पँटीत कोंबतात. आपल्याकडं एकाच खोलीत चार जण झोपतात, त्यामुळं ही सवय कशी लागते हे मला कळतं. पण तसं कधी करू नकोस. पश्चिम इराणातल्या केरमानशाह भागात तर ताठ लिंग हातानं वाकवून कट्ट आवाज काढायची सवयच पुष्कळ पुरुषांना आहे. तिकडच्या सर्जननं 2000 साली 172 रुग्णांची माहिती छापली. त्यांतल्या बहुतेकांची दुखापत या सवयीतून झालेली होती. संबंधात झालेल्या थोड्याच होत्या. आमच्या विभागातले सर राउंडला विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगायचे. कूस बदलताना ताठ लिंगावर पालथं पडणं, पलंगावरून खाली पडणं, यांतूनही झालेलं आहे. सकाळी तसं झालं तर चादर ओढून दोन मिनिटं पडून राहावं. आपोआप ओसरतं.

आता ओळखायचं कसं. आधी आवाज. काहीतरी तुटल्यासारखा, कट्ट असा. पुष्कळदा तो बायकोलाही ऐकू येतो. लगेच जोराची कळ, आणि ताठरपणा तिथल्या तिथं जातो. ही सगळ्यात मोठी खूण आहे, कारण आवरण फाटलं की दाब राहत नाही. मग काही मिनिटांत सूज चढते. आतलं रक्त कातडीखाली पसरतं, रंग जांभळा होतो, आणि लिंग फाटलेल्या बाजूच्या विरुद्ध बाजूला कलतं. डॉक्टरी पुस्तकं त्याला वांग्याची उपमा देतात, आणि ज्यानं एकदा पाहिलं त्याला ती पटते. आतला एक पडदाही फाटला असेल तर रक्त खाली उतरून अंडाच्या पिशवीपर्यंत आणि तिच्या मागपर्यंत निळंजांभळं दिसतं. पाहणारा हबकतो, पण रंग किती पसरला यावरून आत किती फाटलं ते ठरत नाही. खरं लक्ष द्यायचं ते लघवीच्या तोंडाकडं. तिथं रक्ताचा थेंब दिसला, लघवी लाल झाली, किंवा लघवीची भावना आहे आणि होत नाही, तर नळीलाही इजा झालेली असू शकते. हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगायचं.

आवाज प्रत्येकाला येतोच असं नाही. आणि एक प्रकार असा असतो की वरची एखादी शीर फुटते, सूज येते, निळं पडतं, पण आवरण शाबूत असतं. त्यात कट्ट आवाज सहसा नसतो आणि ताठरपणा एकदम न जाता हळूहळू ओसरतो. पण हा फरक तू घरी, रात्री, टॉर्च लावून ठरवायचा नाही. तो हॉस्पिटलात ठरू दे. कधीकधी सर्जनलाही तो ऑपरेशनच्या टेबलावरच कळतो.

आणि आता ती रात्र. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते तिच्याबद्दल.

बारा-एक वाजलेला असतो. बाहेरच्या खोलीत आईवडील झोपलेले असतात. दुखणं असं असतं की आईला हाक मारता येत नाही. मग माणूस ठरवतो, सकाळी बघू. बायको म्हणते जाऊ या, हा म्हणतो जरा थांब, उतरेल. तास-दोन तासांत कळ थोडी कमीही होते, आणि त्यानं फसतो. कळ कमी झाली म्हणून चीर सांधली जात नाही. आत रक्त साचत जातं. सकाळी घरात पाहुणे असतात, मग संध्याकाळवर जातं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मित्र औषधाच्या दुकानातून गोळी आणून देतो. अशी माणसं आमच्याकडं चौथ्या-पाचव्या दिवशी यायची, लुंगी गुंडाळून, पाय फाकून चालत, आणि मान खाली.

त्या रात्री काय करायचं नाही ते आधी ऐक. आपल्या घरात मुका मार लागला की हळद-चुना गरम करून लावतात, आंबेहळदीचा, रक्तचंदनाचा लेप घालतात. पायाच्या घोट्याला लाव हवं तर. इथं लावायचा नाही. शेक द्यायचा नाही, उष्णतेनं रक्त आणखी वाहतं. तेलानं चोळायचं नाही. कलंडलंय म्हणून ओढून सरळ करायचं नाही, काडी-पट्टी बांधायची नाही. हाडवैद्याकडं जायचं नाही, तो कितीही हातगुणाचा असो. डिस्प्रिनसारखी गोळी घ्यायची नाही, कारण तिनं रक्त पातळ होतं. ताठरपणा परत येतोय का हे करून बघायचं नाही. ‘चेक करून बघितलं’ असं सांगणारेही मला भेटलेत.

करायचं ते एवढंच. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं वरून धरायचा, मग थोडा वेळ काढायचा, परत धरायचा. नुसता बर्फ कातडीला लावायचा नाही. अंगाला बसणारी चड्डी घालायची म्हणजे आधार मिळतो. खायचं-प्यायचं बंद करायचं, कारण ऑपरेशन लागलं तर भूल द्यायला पोट रिकामं लागतं. लघवीसाठी जोर करायचा नाही. झालीच तर रंग बघून ठेवायचा. मधुमेह असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, तर ते कागद सोबत घ्यायचे. आणि निघायचं. मोटरसायकलवर बसून जाऊ नकोस. रिक्षा, शेजाऱ्याची गाडी, काही नसेल तर 108. रात्री दोन वाजता 108 ला फोन करायला लाजण्यासारखं काही नाही.

कुठं जायचं? गावच्या छोट्या दवाखान्यात दाखवून वेळ घालवू नकोस. जिथं रात्री सर्जन आणि भूलतज्ज्ञ येऊ शकतात तिथं जायचं. युरोलॉजिस्ट असेल तर उत्तमच. तालुक्याच्या ठिकाणी नसेल तर जिल्ह्याचं सिव्हिल किंवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. निघण्याआधी फोन करून विचारायचं, ‘रात्री युरोलॉजिस्ट किंवा सर्जन आहेत का?’ एवढ्या एका फोननं तीन ठिकाणी फिरणं वाचतं. आणि वाटेत कुठं थांबलात तर लघवीची नळी घालायची घाई कुणाला करू देऊ नका. लघवीच्या तोंडाशी रक्त असेल तर नळी कशी आणि कुणी घालायची हे मोठ्या डॉक्टरांनी ठरवायचं असतं. आत फाटलेलं असताना जोरानं सारलेली नळी ती फाट वाढवते. हे माझं रोजचं काम होतं, म्हणून खात्रीनं सांगतो.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर बोलायचं वाक्य पाठ करून ठेव. ‘संबंध चालू असताना कट्ट आवाज आला, जोरात दुखलं, ताठरपणा लगेच गेला आणि सूज आली.’ एवढं सांगितलंस की डॉक्टरला निदान निम्म्याहून जास्त हातात मिळालं. ड्युटीवर बाई डॉक्टर असेल तरी हेच वाक्य, याच शब्दांत. त्यांनी शरीर शिकलेलं असतं. आजूबाजूला गर्दी असेल तर ‘पडद्यामागं बोलायचंय’ असं म्हण. तो तुझा हक्क आहे. केसपेपरवर लिहिलेलं बाहेर सांगायचं नाही हा त्यांच्या पेशाचा नियम आहे.

खोटं बोलू नकोस. बाथरूममध्ये पाय घसरला, गाडीच्या टाकीवर आपटलो, बैलानं ढुशी मारली, हे सगळं आम्ही ऐकलंय. माणूस घाबरून बोलतो, त्याला मी दोष देत नाही. पण लिंग मऊ असताना मार लागला तर आवरण सहसा असं फाटत नाही. ताठ असतानाच फाटतं. तू ‘घसरलो’ म्हणालास की डॉक्टर दुसऱ्याच वाटेला जातो, हाडाचा एक्स-रे काढतो, सूज उतरायची वाट बघतो, आणि वेळ जातो. ज्याला उत्तर शोधायचंय त्याच्याच हातात खोटा पत्ता द्यायचा नाही.

बायकोला सोबत ने. ही गोष्ट मी मुद्दाम वेगळी सांगतो. आपल्याकडं अशा वेळी बायकोला घरी ठेवून चुलता, मेहुणा, मित्र अशी माणसं निघतात. पण काय झालं हे तुझ्याखेरीज फक्त तिलाच माहीत असतं. किती वाजता झालं, आवाज आला का, सूज कधी चढली, लघवीत रक्त होतं का. तू कळवळत असताना हे तीच नीट सांगू शकते. आमच्या वॉर्डात एक नवी लग्न झालेली मुलगी बाहेरच्या बाकावर रात्रभर रडत होती. सासरचं कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. सर बाहेर आले, त्यांनी तिला आत बोलावून खुर्ची दिली, आणि सासूसमोर स्पष्ट सांगितलं की हा अपघात आहे, यात हिचा काही दोष नाही. ती पोर तेव्हा पहिल्यांदा पाणी प्यायली.

म्हणून आधीच बजावून ठेवतो. असं कधी झालं तर ‘हिच्या पायगुणानं झालं’, ‘हिनंच काहीतरी केलं’ असा एक शब्दही घरात निघू द्यायचा नाही. तो तोडायचं काम तुझं आहे, दुखत असलं तरी. आईला सगळं सांगायची गरज नाही. ‘आतल्या भागाला मार लागलाय, छोटं ऑपरेशन आहे, घाबरायचं कारण नाही’ एवढं पुरतं, आणि त्यात खोटं काही नाही. पण तुम्हा दोघांत लपवाछपवी नको. तिला वाटत असतं, माझ्यामुळं झालं. तुला वाटत असतं, आता मी कशाच्या कामाचा. दोघं एकमेकांना हे न सांगता झोपलात की तो घाव टाक्यांपेक्षा उशिरा भरतो.

हॉस्पिटलात पुढं काय होतं तेही ऐकून ठेव, म्हणजे अनोळखी वाटणार नाही. अनुभवी डॉक्टर बघूनच ओळखतो. शंका असेल तर सोनोग्राफी करतात, क्वचित एमआरआय. नळीची शंका असेल तर तिच्यात रंगीत औषध सोडून एक्स-रे काढतात किंवा दुर्बिणीनं बघतात. मग संमतीपत्रावर सही. सही करताना एक विचारून घे. सुंता झालेली नसेल तर काही सर्जन त्याच वेळी पुढची कातडी काढतात, कारण नंतर ती सुजून त्रास देते. तुझ्या बाबतीत ते करणार आहेत का, हे आधीच माहीत असलेलं बरं. भूल कमरेतून किंवा पूर्ण देतात. पुढच्या टोकाच्या खाली गोल छेद घेऊन कातडी मागं सरकवतात, साचलेल्या रक्ताच्या गाठी काढतात, फाटलेली जागा शोधतात आणि आपोआप विरघळणाऱ्या धाग्यानं टाके घालतात. नळी फाटली असेल तर तीही शिवतात. मग मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन देऊन लिंग फुगवून बघतात, कुठं गळतंय का, वाकतंय का. लघवीची नळी आणि दाबाचं ड्रेसिंग लावून बाहेर आणतात. सर्जनच्या दृष्टीनं हे फार मोठं ऑपरेशन नाही. एक-दोन-तीन दिवसांत घरी. लघवीची नळीच शिवलेली असेल तर कॅथेटर दोन-तीन आठवडे ठेवावा लागतो, आणि तो पिशवीसकट घरी सांभाळायचा असतो.

पूर्वी अशा रुग्णांना बर्फ, पट्ट्या, गोळ्या देऊन नुसतं झोपवून ठेवायचे. कॉर्डोबाच्या अल-झहरावींच्या ग्रंथात हजार वर्षांपूर्वीची नोंद आहे असं सर सांगायचे. एवढ्या जुन्या दुखण्याला फार काळ फक्त वाट बघणं हाच उपाय होता. वाट बघितलेल्यांत पुष्कळांना पुढं त्रास झाला. लिंग कायमचं वाकलं, आत घट्ट गाठ राहिली, ताठरपणा येईना, आला तर दुखायचं. आता जगभर लवकर ऑपरेशन करायचा सल्ला देतात. केरमानशाहमध्ये 18 वर्षांच्या काळात 352 रुग्णांचा मागोवा घेतला गेला. ज्यांचं वेळेवर शिवलं गेलं त्यांच्यातल्या बहुतेकांचा संसार पूर्वीसारखा चालला. हा आकडा मी तुला धीर यावा म्हणून सांगतो. आणि समजा कुणाचे दोन-तीन दिवस गेलेच, तर ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसायचं नाही. उशिरा शिवलेलंही पुष्कळदा चांगलं भरून येतं. उशीर झाला असेल तर आज निघायचं.

घरी आल्यावरचे सहा आठवडे मात्र संयमाचे आहेत. पहिला आठवडा सूज आणि रंग बघून जीव दडपतो. जांभळ्याचं हिरवट, हिरवटाचं पिवळं होत दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. जखम कोरडी ठेवायची, आंघोळीनंतर दाबून टिपायची, चोळायची नाही. तेल, पावडर, मलम, डॉक्टरांनी लिहून दिल्याखेरीज काही नाही. अँटिबायोटिकचा कोर्स बरं वाटलं तरी पुरा करायचा. पोट साफ राहील असं खायचं. भाकरी, पालेभाजी, भरपूर पाणी. शौचाला कुंथायची वेळ येऊ द्यायची नाही. मोटरसायकल, सायकल, पोती उचलणं, क्रिकेट, हे सगळं डॉक्टर सोड म्हणेपर्यंत बंद. शेतावर काम असेल तर गडी लाव, माझ्याकडून पैसे घे.

सगळ्यात छळतो तो झोपेतला ताठरपणा. कुठलाही निरोगी पुरुष झोपेत रात्रीतून अनेकदा ताठ होतो, त्याला कळतही नाही. टाके असताना मात्र कळीनं जाग येते, आणि वाटतं, टाके तुटले. बहुधा तुटलेले नसतात. हा ताठरपणा म्हणजे नस आणि रक्तपुरवठा शाबूत असल्याची खूण आहे. उठून बसायचं, खोलीत चार पावलं चालायचं, लघवी करून यायचं, थंड पाण्याच्या ओल्या फडक्याची पट्टी कपड्यावरून धरायची. हातानं दाबून खाली वाकवायचं नाही. फार त्रास झाला तर डॉक्टर काही दिवसांपुरती गोळी देतात, ती त्यांच्याकडूनच घ्यायची. झोपताना लघवी करून झोपायचं आणि त्या दिवसांत मोबाइलवर असलं-तसलं काही बघायचं नाही.

संबंध आणि हस्तमैथुन, दोन्ही साधारण सहा आठवडे बंद. डॉक्टरांनी तुझी जखम बघून जास्त सांगितलं तर जास्त. पाचव्या आठवड्यात ‘आता काही दुखत नाही’ म्हणून सुरू करणारे असतात. दुखणं थांबलं म्हणजे आवरण मजबूत झालं असं नसतं. ताप आला, टाक्यांतून पू आला, रक्त थांबेना, कॅथेटर अडकून पिशवीत लघवी येईनाशी झाली, तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जायचं.

सहा आठवड्यांनी पहिल्यांदा जवळ याल तेव्हा दोघंही घाबरलेले असाल. त्या दिवशी काही सिद्ध करायचं नाही. नुसतं जवळ झोपायचं असेल तर तेवढंच. पुढं जाल तेव्हा सावकाश, आणि ज्यात दोघांचा ताबा राहतो अशा पद्धतीनं. सुरुवातीला ताठरपणा अर्धवट आला तर पुष्कळदा ती भीती असते, बिघाड नसतो, आणि काही आठवड्यांत निवळते. नाहीच निवळली तर त्याच युरोलॉजिस्टकडं परत जायचं. रेल्वेच्या डब्यात चिकटवलेल्या कागदावरच्या नंबराला फोन करायचा नाही, रस्त्याकडेच्या तंबूत मर्दानगीची जडीबुटी विकतात त्यांच्याकडं तर नाहीच. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं ताकदीची गोळीही आणायची नाही. हृदयाच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी चालू असेल तर तिच्या जोडीनं ती घेतल्यास रक्तदाब इतका खाली जातो की जीव जाऊ शकतो. तुला असलं दुखणं नाही, पण हे तू आणखी कुणाला तरी सांगशील.

टाक्यांच्या जागी बोटाला बारीक गाठ लागेल. काही महिने लागते, घाबरू नकोस. थोडासा वाक राहिला आणि संबंधात अडचण नसेल तर त्याचं काही करावं लागत नाही. वाक वाढत गेला, गाठ मोठी झाली, ताठ असताना दुखत राहिलं, तर दाखवायचं. ज्यांची लघवीची नळी शिवली गेली त्यांनी धारेवर लक्ष ठेवायचं. महिना-दोन महिन्यांनी, कधी आणखी उशिरा, धार बारीक होते, फाटते, लघवीला वेळ लागतो. आत नळी आकसत असल्याची ती खूण असते. लवकर दाखवलं तर उपाय सोपा, धार पार अडेपर्यंत थांबलं तर अवघड.

र. धों. कर्व्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून हे विषय मराठीत सरळ मांडायला सुरुवात केली. त्यासाठी त्यांनी खटले सोसले, 1934 च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. त्याला किती वर्षं झाली बघ. आणि तरीही माझ्या वॉर्डात शिकलेली मुलं लुंगी धरून चौथ्या दिवशी यायची. म्हणून तू हे सगळं लग्नानंतर सवडीनं बायकोलाही सांग. शब्द सापडले नाहीत तर हे पत्रच तिच्या हातात दे. आणि तुझे ते दोन मित्र पुढच्या हंगामात बोहल्यावर चढणार आहेत ना, त्यांनाही दे. फोन नंबर तुझ्याकडं आहे. रात्री कितीही वाजता लाव, कुठल्या हॉस्पिटलात रात्री सर्जन असतो ते मला ठाऊक आहे, मी सांगतो.